तोळा, मासा आणि ग्रेन

मे 2023. शांघायच्या विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड धनुष्याची पुरुषांची अंतिम लढत. एका बाजूला नेदरलँड्सचा माइक श्लोसर, त्या वेळचा जगातला पहिल्या क्रमांकाचा तिरंदाज. दुसऱ्या बाजूला आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जवकार. दोघांनी पंधरा-पंधरा बाण मारले. प्रथमेशचे गुण 149, श्लोसरचे 148. म्हणजे प्रथमेशचे चौदा बाण दहाच्या वर्तुळात, आणि एकच काय तो रेषेबाहेर नऊमध्ये. ते वर्तुळ 8 सेंटिमीटर व्यासाचं, आमटीच्या लहान वाटीच्या तोंडाएवढं. अंतर 50 मीटर.

अशा वेळी आपण विचारतो, पोराचा हात इतका स्थिर कसा? खेळातली माणसं आणखी एक प्रश्न विचारतात: बाण कुठला होता? हे प्रकरण त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. त्याचं उत्तर शोधायला आधी पिस्तुलाकडे वळू, कारण जवळजवळ याच मापाच्या वाटीशी अमेरिकेतले पिस्तूल नेमबाज गेली कित्येक दशकं झटत आहेत आणि त्या नादात त्यांनी गोळीचा भुगा पाडून अभ्यास केला आहे.

तिकडे ‘बुल्सआय’ नावाचा जुना खेळ आहे. एका हातात पिस्तूल, अंतर 50 यार्ड म्हणजे पावणेसेहेचाळीस मीटर, आणि दहाचं वर्तुळ साधारण साडेआठ सेंटिमीटरचं. तयार काडतूस महाग पडतं आणि आपल्याच नळीला मानवेल याची खात्री नसते. म्हणून तिथले हौशी लोक वापरलेल्या पुंगळ्या गोळा करतात आणि घरी पुन्हा भरतात. काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. पुंगळी पुनःपुन्हा चालते. टोपी आणि दारू तुलनेनं स्वस्त. खर्चाचा मोठा वाटा उरतो तो गोळीत, आणि नेमकेपणाचाही. म्हणून हातानं काडतूस भरणाऱ्याची सगळी घासाघीस गोळीपाशी येऊन थांबते.

गोळ्या ढोबळमानानं तीन प्रकारच्या. सगळ्यात स्वस्त म्हणजे साच्यात ओतलेली शिशाची, हल्ली वरून रंगासारखा लेप दिलेली. मधली म्हणजे शिशावर विजेच्या साह्यानं तांब्याचा मुलामा चढवलेली. आणि महाग म्हणजे तांब्याच्या पत्र्याचं जाड कवच असलेली. दुकानदार अर्थातच तिसरी पुढे सरकवतो. पण 25 यार्डांवर चांगली ओतलेली शिशाची गोळी कवचाच्या गोळीला सहज टक्कर देते, हे तिथले जुने नेमबाज जाणतात. म्हणून जवळच्या अंतराला शिशाची आणि लांबच्या अंतराला कवचाची अशी विभागणी अनेकजण करतात. पैसे जिथे उपयोगी पडतात तिथेच खर्च करायचे, असा हा सरळ हिशेब.

कवचाच्या गोळीतही एक गंमत आहे. जिचं टोक पूर्ण झाकलेलं आणि गुळगुळीत, ती दिसायला देखणी. पण तिचं कवच समोरून मागे ओढलेलं असतं, त्यामुळे बुडाशी शिसं उघडं राहतं. टोकाला खड्डा असलेल्या गोळीचं कवच उलट बुडाकडून चढवतात, म्हणून तिचं बूड बंद आणि सपाट. नेमकेपणात बहुधा ही दुसरीच पुढे असते. कारण नळीतून सगळ्यात शेवटी बाहेर पडतं ते बूड. मागून येणारा वायू त्या क्षणी बुडाच्या कडेवरून सुटतो. कडेला एका बाजूनं चेप असेल तर वायू आधी तिथून निसटतो आणि गोळीला जाता जाता धक्का देतो. नाकाला थोडा पोचा आला तर गोळी चालवून घेते, बूड वाकडं असेल तर मुळीच नाही. कुंभाराकडून माठ घेताना आपण आधी बूड बघतो, तसंच हे.

दुसरी गोष्ट मापाची. नळीच्या आतून आट्यांसारख्या खाचा असतात, त्या गोळीला गरगर फिरवतात आणि त्या फिरण्यानंच ती सरळ जाते. 9 मिलिमीटरच्या पिस्तुलात कवचाची गोळी 0.355 इंचाची चालते, शिशाची मात्र साधारण 0.356 ची घेतात. एका हजारांश इंचाचा फरक, पण शिशाची गोळी सैल बसली तर वायू तिच्या बाजूनं पुढे निसटतो, शिसं वितळवतो आणि नळीत त्याचे थर बसतात. मग नेम जातो तो जातोच, वर नळी घासत बसायची शिक्षा. मुलाम्याच्या गोळीचं दुखणं वेगळं: पुंगळीचं तोंड तिच्यावर जास्त आवळलं की मुलामा कापला जातो.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि इथे ग्रेन येतो. गोळी, दारू, छर्रा, बाण, सगळं या जगात ग्रेनमध्ये मोजतात. नवख्याला हे एकक परकं वाटतं, पण आपल्या सराफाच्या दुकानात ते वेगळ्या नावानं फार वर्षं होतं. ब्रिटिशांनी तोळा पक्का केला तो बरोबर 180 ग्रेनचा. तोळ्याचे मासे बारा, म्हणजे एक मासा 15 ग्रेन. माशाच्या गुंजा आठ, म्हणजे एक गुंज दोन ग्रेनला किंचित कमी. (मासा हा शब्द ऐकून कुणाला बोंबील आठवला तर दोष त्याचा नाही, मासा आता बहुधा आजारी माणसाच्या तोळा-मासा तब्येतीतच उरला आहे.) तर 9 मिलिमीटरची नेहमीची 124 ग्रेनची गोळी म्हणजे सव्वाआठ मासे. चांदीसाठी नाव कमावलेल्या खामगावच्या सराफाला हा हिशेब लगेच कळेल.

वजन कुठलं घ्यायचं हे खेळ ठरवतो. धावत-पळत नेमबाजीच्या आयपीएससी प्रकारात गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले तिचा सेकंदाला फुटांतला वेग भागिले हजार, हा आकडा किमान 125 भरावा लागतो. 115 ग्रेनची हलकी गोळी घेतली तर वेग 1090 च्या आसपास हवा, 147 ची जड घेतली तर 860 पुरतो. जड गोळीचा धक्का संथ लागतो, म्हणून पुष्कळांना ती आवडते, पण तिच्यात शिसं जास्त म्हणून किंमतही जास्त. ऑलिंपिक धाटणीच्या सेंटर फायर पिस्तूल प्रकारात असा आकडाच नाही. तिथे 25 मीटरवर कागद फाडायचा, बाकी काही नाही. म्हणून सपाट तोंडाची, पुंगळीत जवळजवळ पूर्ण बुडालेली 0.32 ची संथ गोळी लोकप्रिय आहे. सपाट तोंडामुळे कागदाला पंचिंग मशीननं पाडावं तसं गोल भोक पडतं आणि गुणांवरून भांडण होत नाही.

आता आपल्याकडे. हे सगळं वाचून कुणाच्या मनात घरी काडतूस भरायचा विचार आला असेल तर तो इथेच सोडावा. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो आणि तो हौसेखातर मिळत नाही. मलकापूरहून रेल्वेनं भुसावळकडे निघालात की वाटेत वरणगाव लागतं. तिथल्या आयुध निर्माणीत बंदुकांची काडतुसं बनतात, पण ती मुख्यतः सैन्यासाठी, आणि कुंपणाच्या आत. अमेरिकेतला छंद व्हिडिओत बघून इथे करणं म्हणजे हौस नव्हे, गुन्हा.

शिवाय आपल्या बहुतेक पिस्तूल नेमबाजांचा भरण्याशी संबंधच येत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई खेळात 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, तेव्हा थायलंडच्या खेळाडूशी 34-34 अशी बरोबरी होऊन निकाल जादा फेऱ्यांवर गेला होता. त्या प्रकारातलं काडतूस 0.22 चं. त्यात ठिणगीचं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि पिस्तूल ती कडच चेचतं. चेचलेली कड परत सरळ होत नाही, त्यामुळे हे काडतूस एकदाचंच. मग निवड कशाची करायची? घाण्याची. एकाच कंपनीचा एकच माल, पण या घाण्यातला तुमच्या नळीला मानवतो, त्या घाण्यातला नाही. म्हणून मोठे खेळाडू नळी शिकंजात धरून वेगवेगळे घाणे तपासतात आणि जमलेला घाणा वर्षभराचा एकदम उचलतात.

बुलढाण्यातल्या, चिखलीतल्या किंवा मेहकरातल्या मुलामुलींची सुरुवात याच्याही अलीकडची, 10 मीटर एअर पिस्तुलाची. 4.5 मिलिमीटरचा छर्रा, डमरूच्या आकाराचा: सपाट डोकं, बारीक कंबर, मागे पातळ घेर. वजन 0.45 ते 0.53 ग्रॅम. मधलं धरलं तर साडेसात ग्रेन, बरोबर अर्धा मासा. डब्यावर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, 4.49 किंवा 4.50. पिस्तुलाला हलका छर्रा आणि रायफलला जड, हा साधारण रिवाज.

इथेच पालकांचा खिसा कापला जातो. महागडा डबा घेतला नाही तर पोर मागे पडेल, ही भीती. तर जरा आकडेमोड करू. एअर पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं. छर्ऱ्याची कड रेषेला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटर सरकला तरी चालतो. नवशिक्याचा हात सहज 20 मिलिमीटर इकडेतिकडे पसरतो. समजा चांगल्या छर्ऱ्याचा स्वतःचा पसारा 3 मिलिमीटर आणि साध्याचा 6. हे पसारे एकमेकांत सरळ मिळवायचे नसतात, काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखे मिळवायचे असतात. 20 आणि 3 चा कर्ण 20.2. 20 आणि 6 चा 20.9. दुप्पट वाईट छर्रा घेऊन तोटा झाला पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी! त्याच पैशांत दोन डबे साधे आले असते आणि सराव दुपटीनं झाला असता.

रायफलवाल्यांचं मात्र वेगळं. तिथे दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, सूट फक्त अडीच मिलिमीटरची, आणि चांगल्या खेळाडूचा हातही 3 मिलिमीटरच्या घरात. 3 आणि 3 चा कर्ण 4.2, 3 आणि 6 चा 6.7. रायफलवाल्यानं छर्रे पारखून घेणं ही चैन नाही, गरज आहे. पिस्तूलवाल्यानं पहिली दोन वर्षं तरी कुठल्याही नामांकित कंपनीचा सपाट डोक्याचा स्वस्त छर्रा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त डबा उघडल्यावर घेर चेपलेले छर्रे वेगळे काढावेत. आणि छर्रे तोंडात धरू नयेत. ते शिसं आहे, खेळून झाल्यावर हात साबणानं धुवायचे.

पारखताना सगळ्यात मोठी फसगत होते ती थोड्या नेमांवर निकाल देण्याची. आपल्या जिल्ह्यात आलेली सगळ्यात मोठी ‘गोळी’ लोणारला पडली. तिनं काळ्या पत्थरात साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं भोक पाडलं. पण नेम चांगला होता का, हे एका भोकावरून कसं सांगणार? तीन छर्ऱ्यांचंही तेच. तीन भोकं योगायोगानं एकमेकांना चिकटतात आणि आपण तो डबा डोक्यावर घेतो. पुढचे तीन मारले की चित्र पालटतं. नेम वाढले की पसारा वाढतच जातो, कमी कधी होत नाही. म्हणून दोन डब्यांची तुलना करायची तर प्रत्येकाचे किमान वीस-तीस छर्रे, एकाच दिवशी, हात टेकवून आणि आलटून-पालटून मारावेत.

आता परत बाणाकडे, बुलढाण्याच्या मैदानावर. अमेरिकेतला माणूस टेबलावर बसून काडतुसाशी जे करतो, ते आपल्याकडे कायद्यानं आणि उघड्यावर करणारा एकच खेळाडू आहे, तिरंदाज. स्पर्धेचा बाण बहुधा तयार मिळत नाही, तो जुळवावा लागतो. कार्बनची पोकळ शाफ्ट, पुढे पोलादी पॉइंट, मागे दोरीत अडकणारं नॉक, आणि तीन व्हेन, म्हणजे पिसांच्या जागी आलेले प्लास्टिकचे पंख. प्रत्येक भाग वेगळा विकत घ्यायचा, कापायचा, चिकटवायचा. कंपाउंडचा तयार बाण 360 ग्रेनच्या आसपास भरतो, म्हणजे बरोबर दोन तोळ्यांचा. त्यातला 120 ग्रेनचा पॉइंट आठ माशांचा.

निवडीचा पहिला आकडा स्पाइन, म्हणजे शाफ्टचा ताठपणा. 28 इंचांवर दोन टेकू देऊन शाफ्ट आडवी ठेवतात आणि मधोमध 880 ग्रॅमचं वजन टांगतात. ती 0.400 इंच वाकली तर स्पाइन 400. आकडा लहान तितकी शाफ्ट ताठ. धनुष्याच्या ताकदीला शाफ्ट जुळली नाही तर जगातला सगळ्यात महाग बाणही शेपूट हलवत जातो. हा आकडा स्थिर राहत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. शाफ्ट कापून आखूड केली की ती ताठ वागते, पॉइंट जड लावला की मऊ. म्हणून आधी थोडी लांबच कापावी. कापलेलं परत जोडता येत नाही, आणि डझनभर शाफ्ट एका बसणीत अर्धा इंच जास्त कापून बसलेला मी एकटाच नसेन.

दुसरा आकडा सरळपणाचा. डब्यावर 0.001 किंवा 0.006 असं इंचांत लिहिलेलं असतं. पुष्कळदा एकाच कारखान्यातल्या शाफ्ट मोजून निवडतात. सगळ्यात सरळ त्या महागड्या नावानं आणि उरलेल्या स्वस्तात विकतात. वाकडेपणा बहुधा टोकांशी जास्त असतो. लांब शाफ्ट घेऊन दोन्ही बाजूंनी थोडी-थोडी कापली की स्वस्त शाफ्टचा पुष्कळसा दोष भुशात जातो. बुल्सआयवाला बूड निरखतो, आपण टोकं निरखायची.

जाडीचा मोहही तपासून घ्यावा. नियमानं शाफ्ट 9.3 मिलिमीटरपर्यंत जाड चालते, आणि जाड बाण रेषेला लवकर टेकतो. साडेपाच मिलिमीटरच्या बारीक बाणापेक्षा त्याला प्रत्येक बाजूला जेमतेम 2 मिलिमीटरचा फायदा. बंद हॉलमध्ये 18 मीटरवर तो फायदा खरा आहे. पण उघड्या मैदानात 50 मीटरवर जाड बाणाला वारा जास्त ढकलतो, आणि घाटमाथ्यावरच्या बुलढाण्याला वारा नवा नाही. 2 मिलिमीटर कमवायला जाऊन 2 सेंटिमीटर घालवायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

आणि खरी बचत पुढे आहे. पात्रता फेरीत 72 बाण मारायचे असतात, पण एका वेळी सहाच. बाद फेरीत एका वेळी तीन. म्हणजे सगळे बारा बाण जुळे लागतच नाहीत, सहा जुळे लागतात आणि दोन राखीव. मध्यम किमतीचा डझन घ्या, प्रत्येक बाणावर आकडा घाला आणि आठवडाभर कुठल्या आकड्याचा बाण कुठे लागला हे वहीत टिपत जा. 7 नंबरचा सारखा डावीकडे जातोय? त्याचं नॉक थोडं फिरवून पाहा. शाफ्टची एक बाजू दुसरीपेक्षा ताठ असते, नॉक फिरवलं की ती बाजू बदलते आणि पुष्कळदा बाण रांगेत येतो. दोन-तीनदा फिरवूनही आला नाही तर त्याला सरावाच्या गठ्ठ्यात टाका. या कामाला पेन, वही आणि चिकाटी लागते, पैसा लागत नाही. शेवटी हातात उरलेले सहा बाण, न पारखलेल्या महागड्या डझनाला मागे टाकतात.

दोन सूचना मात्र सक्तीच्या. पॉइंट बसवताना आच फक्त पॉइंटला द्यावी, कार्बनला नाही, नाहीतर शाफ्ट आतून सुटते. आणि मारण्याआधी प्रत्येक बाण दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवावा आणि कान द्यावा. कुरकुरला तर लगेच मोडून टाकावा, बाजूला ठेवू नये. तडा गेलेला कार्बनचा बाण सुटताना फुटला तर त्याच्या सळया धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

उरलं वजन. बाजारात मिळणाऱ्या खिशातल्या काट्यावर 10 मिलिग्रॅमपर्यंतचा फरक कळतो. दोन तोळ्यांच्या बाणाला तेवढं भरपूर झालं, अर्ध्या माशाच्या छर्ऱ्याला मात्र ते अपुरं. छर्रे तोलायचेच असतील तर 1 मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा, आणि तो विकत घ्यायची गरज नाही. गावातल्या सराफाकडे तो काचेच्या पेटीत असतो. दुपारी गिऱ्हाईक नसताना बाण किंवा छर्ऱ्यांचा डबा घेऊन जा आणि काय करायचंय ते सांगा. तो हसेल, पण तोलून देईल.